आठ भागांचं आकाश

शालूआत्या म्हटलं की मला आधी कडीचा आवाज ऐकू येतो. फरीदाबादच्या तिच्या घराच्या गच्चीला लोखंडी दार होतं, त्याची कडी गंजलेली होती, आणि पहाटेच्या गारठ्यात ती मागे सरताना असा लांबलेला, कर्कश आवाज करायची की खालच्या मजल्यावरच्या सरोजभाभींना वेगळा गजर लावावा लागत नसे. त्या आवाजापाठोपाठ जिन्याच्या अंधारात उजेडाचा एक उभा पट्टा उतरायचा आणि त्या पट्ट्यात आत्या दिसायची. सडपातळ, ताठ, खांद्यावर करडी शाल, उजव्या हाताचा तळवा भुवयांवर आडवा धरलेला. मग ती एका जागी पावलं रोवून सावकाश फिरायची. पूर्वेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून पश्चिमेकडे, उत्तरेवरून पुन्हा पूर्वेला. प्रदक्षिणा माणूस बाहेरून घालतो. आत्या आकाशाला आतून घालायची. फेरी पुरी झाली की हात खाली यायचा आणि ती एक आकडा उच्चारायची. “तीन.” किंवा “सहा.” कुणाला उद्देशून नाही, पण अगदी स्पष्ट, पलीकडे कुणीतरी लिहून घेत असल्यासारखा.

ती हवामान खात्यात निरीक्षक होती. आकाशाचे मनातल्या मनात आठ सारखे भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी झाकले आहेत तेवढं सांगायचं, हे तिचं अनेक कामांपैकी एक काम. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण साताऱ्याहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन दिल्लीत आली ती इथलीच झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं एकेक करून थकली. निवृत्त झाली, तरी सकाळची फेरी चुकली नाही. माझे वडील तिला चिडवायचे, “शालू, पेन्शन सुरू झाली. आता ते आकाश सरकारला परत कर.” ती शांतपणे म्हणायची, “चार्ज घ्यायला अजून कुणी आलं नाही, दादा.”

माझा जन्म दिल्लीचा. शाळा हिंदी-इंग्रजीत, मैत्रिणी पंजाबी, आणि घरातलं मराठी जेवणखाणापुरतं. आकाशाचं मराठी मला आत्यानं दिलं. न बरसणारं, मनावर ओझं घालणारं ते मळभ. भर दुपारी अचानक उजेड काढून घेतो तो झाकोळ. दाराच्या फटीतून येते ती तिरीप, आणि जमिनीवर पडून थरथरतो तो कवडसा. मे महिन्यात क्षितिजावर तपकिरी भिंत उभी राहिली की ती मला खिडकीशी बोलावून म्हणायची, हिला आंधीच म्हण, हिला मराठी शोधत बसू नकोस, ही इथलीच आहे. मी आजही मळभ हा शब्द वापरला तर माझी मुलगी पुण्यातल्या नातेवाइकांना फोन करून अर्थ विचारते. आईला विचारलं की आई व्याख्यान देते, असं तिचं म्हणणं.

शाळेत असताना मला हवामानाचा एक प्रकल्प होता. रोजचं आकाश तक्त्यात भरायचं. मधला एक दिवस मी विसरले आणि आत्याकडे गेले, की सांग ना, त्या दिवशी काय होतं. तिला नक्की माहीत होतं. पण ती म्हणाली, “तू पाहिलंस का? नाही ना. मग ती जागा रिकामी ठेव. अंदाजानं भरलेल्या आकड्यापेक्षा रिकामी जागा खरी.” बाईंनी मार्क कापले. आत्या इतकी खूश झाली की मला बाजारात नेऊन गोलगप्पे खाऊ घातले.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट शिकले. जानेवारीतल्या एका सकाळी धुकं एवढं दाट होतं की गच्चीचा कठडासुद्धा दिसत नव्हता. मी आठ लिहायला निघाले. आत्यानं माझा हात धरला. आज नऊ, ती म्हणाली. मी हसले, भागच आठ, तर नऊ कुठून आले? तिनं समजावलं, आठ म्हणजे ढग दिसले आणि त्यांनी सगळं झाकलेलं आहे. नऊ म्हणजे आकाशच दिसत नाही. वर ढग आहेत की निळं आहे, आपल्याला ठाऊक नाही. “आणि ठाऊक नाही हेसुद्धा नोंदवायचं असतं, वैजू.”

मी मात्र वेगळ्या घडणीची झाले. नोएडातल्या माझ्या घराच्या फ्रिजवर आठवड्याची यादी असते, फोनमध्ये महिन्याची, डोक्यात वर्षाची. समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर अडला तर पुढचे शब्द मी देऊन मोकळी होते. दर रविवारी कालिंदी कुंजचा पूल ओलांडून मी फरीदाबादला जायची ती गाडीत सगळं भरून. औषधं, भाकरीचं पीठ, बल्ब, गॅसच्या नळीचा नवा तुकडा. आत्या पिशव्या उघडून बघायची आणि म्हणायची, तू देवाच्या दारात गेलीस तरी आधी तिथली रांग सरळ करशील.

तिचं दुखणं सुरू झालं तो काळ दसरा आणि दिवाळी यांच्या मधला होता. दिल्लीत त्या दिवसांत उजेड बदलतो. पावसानं धुतलेली निळाई मागे सरते, उन्हाला जुन्या कागदाचा रंग येतो, आणि संध्याकाळी कुठूनतरी जळलेल्या पेंढ्याचा वास पोहोचतो. आत्या फोनवर म्हणाली की उजव्या कपाळाला चरचरतंय, ऊन लागलं असेल. मी यादीत टोपी लिहिली. रविवारी गेले तेव्हा कपाळापासून पापणीपर्यंत बारीक पाणीदार फोडांची एक ओळ उठली होती. केसांतून निघून डोळ्याकडे चाललेली. सरोजभाभी म्हणत होत्या माता आली आहे, म्हणजे देवी, कडुलिंबाच्या पाल्यानं वारा घाला. आत्या एवढंच म्हणाली, “नागीण आहे. आई म्हणायची, हिचं तोंड आणि शेपूट जुळू द्यायचं नाही.” आणि विज्ञानात आयुष्य घालवलेली ती बाई आरशात बघून तोंड कुठे आहे आणि शेपूट कुठे, ते शोधत राहिली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि कारण सांगितलं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो निजून राहतो. वर्षानुवर्षं, कधी जन्मभर. म्हातारपणी शरीराची राखण सैल झाली की उठतो आणि ज्या तंतूत निजला होता त्याच्या वाटेनं बाहेर येतो. मी लगेच माझ्यासाठी लशीची चौकशी केली आणि ती घेऊनही टाकली. आत्या मात्र घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली की कांजिण्या तिला दादाकडून लागल्या होत्या. दोघांना एकाच खोलीत ठेवलं होतं, खाली कडुलिंबाचा पाला, आणि तिनं खाजवू नये म्हणून दादा तिची बोटं धरून बसायचा.

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. त्यांचं घड्याळ माझ्या कपाटात आहे, चष्मा आहे. पण त्यांच्याकडून आलेलं काहीतरी त्यांच्या बहिणीच्या शरीरात जिवंत होतं, साताऱ्याच्या त्या खोलीचा पत्ता न विसरता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यावर काय वाटून घ्यावं हे कुठल्याच यादीत बसेना.

फोड सुकले. उजव्या डोळ्यात मात्र फूल पडलं. बुबुळावर एक लहानसा, पांढुरका, कधीही न हलणारा ढग. आत्या त्याची थट्टा करायची, माझं आकाश आता शून्य कधीच नसणार. कपाळावरचा ठणका गेला नाही. कंगवा नको, पंख्याचा वारा नको, शालीची कड नको. त्या दुखण्यानं तिची झोप नेली, आणि झोपेच्या मागोमाग आणखी काहीतरी पाय न वाजवता निघून जाऊ लागलं.

आधी शब्द गेले. तिनं मला दिलेले शब्द. एका रविवारी ती खिडकीशी उभी राहून बाहेर बोट दाखवत म्हणाली, “हे काय गं, हे... पडत नाही आणि जात नाही ते.” मी चटकन म्हणाले, मळभ. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हातातली वस्तू कुणी न विचारता उचलून नेली आहे. मग चहाची भांडी जळू लागली. मग ती दादा ऑफिसातून आला का म्हणून विचारू लागली. हिवाळा संपला, होळी झाली, उन्हाळ्याची झळ मारणारी लू वाहू लागली, आणि सरोजभाभींचा फोन आला की दीदी आज भर दुपारी गच्चीवर होत्या. फेरी पुरी व्हायची, आकडा सांगून व्हायचा, आणि सांगितला हे विसरून त्या पुन्हा पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहायच्या. तापलेल्या फरशीवर अनवाणी. पाय भाजले होते.

आता प्रश्न एकच उरला होता. आत्याला त्या गच्चीवरून खाली उतरवायचं का. आणि उतरवलं, तर उतरेल ती आत्याच असेल का.

स्मरणाच्या तपासणीला मी तिला घेऊन गेले. डॉक्टर तरुण बाई होत्या, आवाजात घाई नव्हती. खोलीत एसी, पांढरी ट्यूब, ओढलेले पडदे. त्यांनी विचारलं, “माताजी, अभी कौन सा मौसम चल रहा है?”

आत्यानं खोलीभर नजर फिरवली. “पर्दा हटाइए,” ती म्हणाली. “बिना देखे कैसे बता दूँ?”

डॉक्टर खरंच उठल्या आणि पडदा सारला. बाहेर त्याच इस्पितळाची दुसरी इमारत होती. आत्यानं तळवा भुवयांवर धरून नीट पाहिलं. “दीवार है,” तिनं सांगितलं.

डॉक्टर हसल्या, आत्याही हसली. मग वार विचारला. आत्या पुन्हा खिडकीकडे बघू लागली. माझे ओठ आपोआप हलले आणि मी सोमवार म्हणून टाकलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज जुना, निरीक्षकाचा झाला. “वैजू, तू भरू नकोस. मला दिसलं नाही ना, मग राहू दे रिकामं.” आणि डॉक्टरांना म्हणाली, “खाली छोड़ दीजिए.” त्यानंतरच्या बऱ्याच प्रश्नांना तिनं हेच उत्तर दिलं, न लाजता, न चिडता. मी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि एकेक रिकामी जागा माझ्यासमोरून सरकत होती.

मला कारण हवं होतं. त्या नागिणीनंच हे केलं का? डॉक्टर म्हणाल्या, अशा संसर्गांचा आणि स्मृतीचा संबंध असावा असं आता दिसू लागलं आहे. पण हिच्या बाबतीत विषाणूनं केलं, वयानं केलं, न मिळालेल्या झोपेनं केलं, की आतून हे आधीच सुरू होतं आणि आजारानं फक्त झाकण उघडलं, हे त्या खात्रीनं सांगू शकत नाहीत. परतताना मला राग आला होता. आत्या पुलावरून यमुनेकडे बघत होती. म्हणाली, “बाई बरी आहे. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणाली.”

नोएडाला चल, हे मी तिला पुष्कळ तयारीनं सांगितलं. लिफ्ट आहे, पहारा आहे, इस्पितळ जवळ आहे, पूर्वेकडची खोली तिची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तुझ्याकडे आकाश किती?”

घरी येऊन मी बाल्कनीत उभी राहिले, तिच्यासारखा तळवा भुवयांवर धरला. समोर टॉवर, डावीकडे टॉवर, वर वरच्या मजल्याची बाल्कनी. आठांतला एक भाग, तोही कसाबसा. इतकी वर्षं मी या घरात राहते आहे. कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की घर हवेशीर आहे, मोकळं आहे.

मग मी माझं काम केलं, जे मला येतं ते. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, पाण्याच्या टाक्या आहेत, कुणालाच परवानगी नाही. मी अर्ज दिला, कारणाच्या जागी मौसम-निरीक्षण लिहिलं. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, मॅडम, मोबाइलमध्ये तर सगळं येतं. मी पुन्हा गेले, पुन्हा गेले. शेवटी ते माझ्या येण्याला कंटाळले. सकाळी, गार्डसोबत, थोडाच वेळ, अशी परवानगी मिळाली.

फरीदाबाद सोडताना आत्या गच्चीचं दार लावून खाली आली, कडीला लावायचं कुलूप आणि किल्ली तिच्या हातात. मला वाटलं होतं ती रडेल. तिनं ते दोन्ही सरोजभाभींच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, “चार्ज ले लो, सरोज.”

सरोजभाभींचे डोळे भरले. “दीदी, मुझे तो बस इतना पता चलता है कि कपड़े सूखेंगे या नहीं.”

“उतना काफ़ी है,” आत्या म्हणाली, आणि गाडीत बसली.

नोएडात तिला गार्ड मौसमवाली माताजी म्हणतात. पहिले काही दिवस ती वर येऊन नुसती बावरून उभी राहायची. इथे कडीला आवाज नाही, कडुलिंब नाही, ओळखीच्या घारी नाहीत, खाली फक्त एक्स्प्रेसवेची अखंड घरघर. मग एका सकाळी शरीराला वाट सापडली. तळवा वर गेला, पावलं रोवली गेली, आणि ती पूर्वेकडून दक्षिणेकडे वळू लागली. जिभेवरून वार, महिने, माणसं गळून पडली तरी हे वळणं कुठेतरी खोल राहिलं आहे. आकडा मात्र आता नेहमी येत नाही. न आला तर मी विचारत नाही. दिवसभर ती पूर्वेकडच्या खोलीत बसते, भिंतीवर सरकणारा कवडसा बघत, आणि मला कधी वहिनी म्हणते, कधी सिस्टर, कधी काहीच म्हणत नाही. घर भरलेलं असतं. तरी तिच्या खुर्चीभोवती एक शांतता साचते, माझ्या पिशव्यांमधलं काहीही तिथवर पोहोचत नाही.

या हिवाळ्यातली गोष्ट. धूर आणि धुकं इतकं मिसळलं होतं की कुठलं कुठून आलं ते कळू नये. समोरचा टॉवर नव्हता, कठडा नव्हता, टाकीच्या कडेला थांबलेला गार्ड एक करडी रेघ झाला होता. मी आत्याला कोपराला धरून उभी होते. तिनं फेरी सुरू केली, अगदी सावकाश, आणि ती संपताना तिच्यासमोर मी होते. तळवा भुवयांवर तसाच राहिला. ती माझ्याकडे पाहू लागली. एक डोळा स्वच्छ, एकात तो पांढरा ढग. भांगापासून हनुवटीपर्यंत, पुन्हा वर, कपाळावर थांबत, आयुष्यभर फक्त आकाशाकडेच पाहत आली होती तसं. ती काय शोधते आहे ते मला कळलं. नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं. दादाची वैजू. दोन शब्द, आणि जागा भरली असती.

मी तोंड उघडलं नाही. इतकी मोठी रिकामी जागा मी कधी धरून ठेवली नव्हती.

तिचा हात खाली आला. “नऊ,” ती म्हणाली. स्पष्ट, ठाम आवाजात. मग तिनं माझ्या गळ्यातला मफलर नीट केला, थंडीत उभ्या असलेल्या कुणाही परक्या बाईचा केला असता तसा, आणि दाराकडे वळली.

आम्ही अजून रोज वर जातो. धुक्यामागे निळं असेलच, असं म्हणून मला माझी समजूत घालता येईल. पण तो अंदाज झाला, आणि आत्याच्या शिस्तीत अंदाजाला जागा नाही. काळ माणसाला पुसतो की नुसतं झाकतो, हे खाली उभं राहून कळत नाही. ठरल्या वेळी वर जायचं, तिच्यासमोर उभं राहायचं, आणि जे दिसणार नाही ते भरायचं नाही. इतकीच आठवण आता आमच्या दोघींच्या मध्ये उरली आहे, आणि ती मला एकटीला पाठ आहे.